वीज बिल भरायचं चुकलं आणि डिपॉझिटची नोटीस आली? या चुका टाळा

गणेश चवथीच्या तीन दिवस आधी आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं मूळ घर उघडलं. दाराच्या फटीतून आत सरकवलेले कागद उंबऱ्यापाशीच पडले होते, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्यांत तीन बिलं आणि दोन नोटिसा. मेन स्विच वर केला, दिवा लागला नाही. त्या रात्री माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायच्या चौकटीची, लाकडं आम्ही टॉर्चच्या उजेडात बांधली.

चूक आमचीच होती. पुण्याचा चुलतभाऊ मार्च ते मे गावी राहून काम करत होता, त्यासाठी खोलीत एसी बसवला होता. तो गेल्यावर घराला कुलूप लागलं आणि बिल कोण भरतंय हे प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडलं. घर बंद असलं तरी स्थिर आकार चालूच असतो, त्यामुळे थकबाकी वाढत राहिली. एक नोटीस थकबाकीची होती, दुसरी डिपॉझिटचा फरक मागणारी. ती दुसरी वाचून भाऊ म्हणाला, "हा दंड आहे." काका म्हणाले, "दंड कसला, आजोबांचं डिपॉझिट आहे ना, त्यातून कापून घेतील." दोघांचंही चुकत होतं, आणि मला वाटतं बहुतेक घरांत नेमकं हेच दोन गैरसमज असतात.

डिपॉझिट हा दंड नाही. बिल उशिरा भरल्याबद्दल जे लागतं तो विलंब आकार, आणि तो बिलात वेगळा दाखवलेला असतो. डिपॉझिट म्हणजे वीज आधी वापरून पैसे नंतर देतो, त्याची हमी. मागच्या वर्षाच्या सरासरी वापरावरून ती रक्कम तपासली जाते आणि कमी पडत असली तर फरक मागितला जातो. आमच्याकडे एसीमुळे सरासरी वाढली होती. बिल नियमित भरलं असतं तरी फरकाची मागणी आली असती. थकबाकी त्याच वेळी होती म्हणून ती शिक्षा वाटली, एवढंच.

पैसे तुमचेच राहतात, आणि त्यावर व्याज मिळतं. वीज कायदा 2003 च्या कलम 47 प्रमाणे हे व्याज बँक दरापेक्षा कमी असता कामा नये. 1 एप्रिल 2025 रोजी रिझर्व्ह बँकेचा बँक दर 6.50 टक्के होता. त्या दराने 4,000 रुपयांच्या डिपॉझिटवर वर्षाचे 260 रुपये होतात. नव्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीच्या बिलांत हे व्याज वजा झालंय का, ते बघा. मी विचारलेल्या दहा जणांपैकी एकानेही ती ओळ कधी पाहिली नव्हती. नसेल तर लेखी अर्ज द्या, हक्काचे पैसे आहेत.

दोन नोटिसा एकच समजू नका

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. थकबाकीसाठी वीज तोडायची तर कलम 56 खाली किमान पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. डिपॉझिटच्या फरकासाठी कलम 47 खाली नोटिशीपासून 30 दिवस मिळतात, आणि तो न भरल्यासही वीज तोडता येते. मुदती वेगळ्या, रकमा वेगळ्या. लोक थकलेलं बिल भरतात, सुटकेचा श्वास घेतात आणि दुसरा कागद ड्रॉवरमध्ये टाकतात. महिन्याभराने लाइनमन दारात आला की खिडकीवर जाऊन भांडतात. पैसे भरताना ते कशापोटी जमा होताहेत हे पावतीवर वाचूनच खिडकी सोडा: थकबाकी, विलंब आकार, जोडणी पुन्हा सुरू करण्याचा आकार की डिपॉझिट.

"त्यातून कापून घ्या" हा काकांचा मार्गही खड्ड्यात नेतो. थकबाकी डिपॉझिटमधून वळती झाली तर तेवढं डिपॉझिट पुन्हा भरून द्यावं लागतं. म्हणजे तेच पैसे, फक्त वीज गेल्यानंतर आणि आकार वाढल्यावर.

रकमेवर आक्षेप असेल तर

भरणं थांबवू नका. मीटर चुकीचा वाचला गेला असं वाटत असेल तर आजच्या आकड्याचा फोटो काढा, बिलावरच्या आकड्याशी ताडून बघा आणि वीज खात्याच्या सबडिव्हिजन कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. बिलाची रक्कम वादात असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरता येते. तसं केल्यावर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. ही सोय कलम 56 मध्येच आहे आणि फारच थोडे लोक ती वापरतात. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यानंतर विद्युत लोकपाल.

भाड्याने राहणाऱ्यांनी एक जपावं. मीटर सहसा घरमालकाच्या नावावर असतो, त्यामुळे तुम्ही भरलेला फरक त्याच्याच खात्यावर जमा होतो आणि घर सोडताना वीज खातं तुम्हाला तो परत देत नाही. भरण्याआधी मालकाकडून लेखी घ्या.

मीटर वारलेल्या माणसाच्या नावावर ठेवणं हीसुद्धा आपल्याकडची जुनी सवय. वाटणी झाली नाही, इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) बाकी आहे, म्हणून आजोबांचंच नाव चालू राहतं. बिल भरताना काही अडत नाही. डिपॉझिट परत मागायची वेळ येते तेव्हा मात्र वारसांचे कागद गोळा करत फिरावं लागतं. घरात सगळे चवथीला एकत्र जमतात, तेव्हाच सह्या घेऊन टाका.

आणि "आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला तर फोन करू नका. बिल खरोखरच चुकलेलं असतं तेव्हाच माणूस घाबरून फसतो. तुमची थकबाकी किती हे बिलावरचा सीए नंबर (तुमच्या जोडणीचा खाते क्रमांक) घेऊन कार्यालयातच विचारा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी थकबाकी आणि डिपॉझिटचा फरक अशा दोन वेगळ्या पावत्या केल्या. संध्याकाळी लाइनमन खांबावर चढला आणि देवघरातला बल्ब लागला. काकूने लगेच खालच्या चुलीवर नेवऱ्यांची (करंज्यांची) कढई ठेवली. दोन्ही पावत्या आता मीटरशेजारच्या पिशवीत आहेत आणि सीए नंबर तिन्ही भावांच्या फोनमध्ये.