ओव्हरीच्या गाठीचा एमआरआय वाचताना आधी नाव नको, आतला माल ओळखा

नवीन लोकं एमआरआय उघडला की पहिल्याच मिनिटाला गाठीचं नाव ठरवून टाकतात आणि मग तेच सिद्ध करत बसतात. मी पण हेच करायचो. मशीनला आजार दिसत नाही, माल दिसतो, पाणी, चरबी, जुनं रक्त, कोलॅजन असलं काहीतरी, आणि पॅथॉलॉजीवाला गाठ कापतो तेव्हा त्याच्या ट्रेमध्ये पण हेच पडतं.

सुरुवात टी१ पासून करा (टी१, टी२ म्हणजे एमआरआयच्या वेगवेगळ्या सेटिंगचे फोटो). सिस्ट, म्हणजे आत द्रव भरलेली गाठ, पांढरी दिसली तर दोन मुख्य संशयित, चरबी नाहीतर रक्त (घट्ट म्युसिन, म्हणजे चिकट स्राव, पण कधीकधी). लगेच फॅट सप्रेशनवाला, म्हणजे चरबीचा सिग्नल दाबलेला, टी१ शेजारी लावा. पांढरं काळं पडलं तर चरबी, म्हणजे डर्मॉइड, कापल्यावर आत तेलकट सेबम आणि केसांचा गुंता निघतो. पांढरंच राहिलं तर बहुतेक एन्डोमेट्रिओमा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशींमुळे जुनं रक्त साठलेली सिस्ट. मग टी२ बघा, तीच सिस्ट काळपट दिसेल, याला शेडिंग म्हणतात, कारण पुन्हापुन्हा रक्त साठून आतलं आयर्न आणि प्रोटीन घट्ट होत गेलेलं असतं. फक्त हे स्टर (STIR) सिक्वेन्सवर, म्हणजे चरबी दाबायच्या दुसऱ्या पद्धतीवर, ठरवू नका हां, त्यात रक्त सुद्धा चरबीसारखं दबू शकतं आणि तुम्ही फसता.

एन्डोमेट्रिओमात भिंतीला चिकटलेला नोड्यूल (छोटा गोळा) दिसला तर सबट्रॅक्शन इमेज, म्हणजे कॉन्ट्रास्टनंतरच्या फोटोतून आधीचा फोटो वजा केलेला, बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. आजूबाजूचं सगळं आधीच पांढरं असतं, त्यात एन्हान्समेंट, म्हणजे कॉन्ट्रास्टमुळे उजळणं, डोळ्याला कळतच नाही. क्लिअर सेल आणि एन्डोमेट्रिऑइड कॅन्सर अशाच ठिकाणी उगवतात.

सॉलिड गाठ टी२ वर काळी आणि हाय बी व्हॅल्यू डिफ्युजनवर (पाण्याची हालचाल कुठे अडते ते दाखवणारा सिक्वेन्स) पण काळी असेल तर जरा निवांत व्हा, ते कोलॅजन असतं, बहुधा फायब्रोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली तंतुमय गाठ. डिफ्युजनवर चमकलं म्हणून मात्र लगेच घाबरायचं नाही. मी एकदा डर्मॉइडमधल्या चमकत्या भागाला कॅन्सरचा संशय लिहून मोकळा झालो आणि पॅथॉलॉजीतून आलं काय, तर नुसतं केराटिन, कातडी-केसातलं प्रोटीन!

एक गोष्ट स्कॅनवर ठरत नाही, बॉर्डरलाइन (कॅन्सरच्या उंबरठ्यावरची गाठ) की इन्व्हेसिव्ह (आत घुसणारा कॅन्सर). पेशी स्ट्रोमात, म्हणजे आधाराच्या टिश्यूत, घुसल्यात का ते मायक्रोस्कोपखालीच कळतं. आणि तिथे पण सगळी गाठ कुणी स्लाइडवर घेत नाही, साधारण दर सेंटीमीटरला एक ब्लॉक (स्लाइडसाठी कापलेला तुकडा) असा हिशोब असतो, म्हणजे १८ सेंटीमीटरच्या म्युसिनस गाठीतला ८ मिलिमीटरचा नोड्यूल आरामात सुटू शकतो. म्हणून रिपोर्टमध्ये 'मल्टिलॉक्युलर सिस्ट' (अनेक कप्प्यांची) एवढंच लिहून हात झटकू नका, 'डावी ओव्हरी, मागची भिंत, वरच्या टोकाजवळ ८ मिमी एन्हान्स होणारा नोड्यूल, इथून ब्लॉक घ्यावा' असं लिहा आणि सर्जनला सांगा की सॅम्पल पाठवताना त्या जागी एक टाका मारून द्या.