टिपरे परत बघायचंय? मग असं बघा

'श्रीयुत गंगाधर टिपरे' परत बघायला घेतलं की पहिल्याच रात्री एक चूक होते, पाच-सहा एपिसोड एका दमात बघायचे. मी तेच केलो (होय, आमच्या बेळगावात 'मी केलो'च म्हणतात, त्यावर येतो पुढं) आणि चौथ्या एपिसोडला हातात मोबाईल घेऊन बसलो, वाटलं छ्या, ह्याला आपण एवढं काय हसत होतो. सीरियलचा काही दोष नव्हता. 2001 ला अल्फा मराठीवर, म्हणजे आत्ताच्या झी मराठीवर, हे सुरू झालं तेव्हा आठवड्यातून एकदा यायचं आणि मधले दिवस आपण गल्लीत शिऱ्याची, म्हणजे टिपऱ्यांच्या नातवाची, नक्कल करत फिरायचो, ते दिवसच कापून टाकले तर मजा कुठनं येणार? म्हणून रात्रीला एकच, तो पण जेवताना. ताट हातात पाहिजे.

शोधताना नाव देवनागरीत टाका, इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकजण वेगळं करतोय. आधी चॅनेलचं स्वतःचं ॲप बघा, मग यूट्यूब. कुणीतरी चढवलेल्या व्हिडिओत चित्र उलटं असतंय नाहीतर आवाज चिरका केलेला असतोय, आबांचा, म्हणजे गंगाधर टिपऱ्यांचा, आवाज चिरका झाला तर राहिलं काय त्यात, सोडून द्या. पावसाळ्यात आमच्याकडं नेमकं जेवायच्या टायमाला करंट जातंय, म्हणून चार एपिसोड फोनमध्ये डाउनलोड करून ठेवलेले बरे.

आता टीव्ही. हे जरा नीट वाचा कारण निम्मी मजा इथंच जाते. त्या काळातलं शूटिंग जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाचं, 4:3 चं, आणि आपला नवीन टीव्ही 16:9, तो काय करतो तर चित्र ओढून पडदाभर पसरतो, मग टिपऱ्यांची सून श्यामला वहिनी पण जाड आणि दाराची चौकट पण जाड. सेटिंगमध्ये पिक्चर साईज असतंय तिथं 4:3 किंवा ओरिजिनल करा, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येतील, येऊ देत. शार्पनेस कमी करा, मोशन स्मूथ करणारं जे काय असेल ते बंद करा. एवढं करून पण धूसरच दिसणार, मग सोफा मागं ओढा, जुना 21 इंची टीव्ही आपण कुठं नाकाला लावून बघत होतो.

एकट्यानं बघू नका. ज्यांच्यासोबत तेव्हा बघितलेलं त्यातलं एक तरी माणूस बाजूला पाहिजे. मी आईला हाक मारली तर आतनं आवाज, "थांब की रे, भाकरी थापालोय!" आणि मग आली ती पिठाच्या हातानं दारातच उभी राहून पूर्ण एपिसोड बघितली, 2001 मध्ये पण तिथंच उभी असायची.

भाषेकडं कान ठेवा. टिपऱ्यांचं मराठी मुंबईचं, आणि आम्ही बेळगावातल्या शहापूरची पोरं ते ऐकून घरात 'मी जेवलो भात' सोडून 'मी भात खाल्ला' म्हणायला लागलो, तर आज्जी म्हणायची, "कुठल्या गावचा झालास रे बाबा?" आता बघताना मला जोकपेक्षा ती वाक्यंच जास्त ऐकू येतात.

पोरांना बसवायचं असेल तर आधी "लई भारी आहे" सांगू नका, तिथंच बिघडतं. माझा मुलगा गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी आणि घरात आमचं हे खिचडी मराठी बोलतो, त्याला एकेक जोक समजावत बसलो तर तो सरळ उठून गेला. दुसऱ्या दिवशी गप्प बसलो तर स्वतःच येऊन विचारला, "हा आजोबा खरंच म्हातारा आहे काय?" नाही रे. आबा करणाऱ्या दिलीप प्रभावळकरांचा जन्म 1944 चा, म्हणजे तेव्हा सत्तावन्नचे, म्हातारपण सगळं चालण्या-बोलण्यातलं. ही सीरियल ज्यावरनं आली ती आबांची डायरी पण मुळात प्रभावळकरांनीच लिहिलेली, 'अनुदिनी'. झालं, तेव्हापासून तो आबांच्या हाताकडंच बघत बसतोय.

आणि एक, पहिल्या एपिसोडपासून सुरुवात करायलाच पाहिजे असं काही नाही, मधला कुठलाही लावा. फक्त आठवणीतला एकच सीन शोधत फिरू नका. लहानपणी मी शिऱ्याच्या बाजूनं असायचो, त्याचा बाबा शेखर ओरडला की राग यायचा, आता शेखर ऑफिसातनं येऊन शर्टाचं बटण काढत खुर्चीत बसतो ना, तिथंच मी फसलो, पोटात कसंतरी झालं. शिऱ्यावर मी ओरडलो पण, मोठ्यानं.

एपिसोड संपल्यावर निपाणीच्या मावसभावाला फोन लावा. त्याला सगळं चुकीचं आठवतं आणि पैज लावतो. परवा कुंद्याची (आमच्या बेळगावची मिठाई) पैज हरलाय, अजून आणून दिला नाही.