हळदीची भरणी राहिली असेल तर आधी ती करा, बाकी सगळं नंतर

गेल्या आठवड्यात सासवडच्या बाजूचे आणि दौंडकडचे मिळून पाच प्लॉट फिरलो. वरून बघितलं तर डोळे निवतात, कमरेएवढी हिरवीगार हळद, पण वाकून पाला बाजूला केला की पाचपैकी चार प्लॉटात गड्डे, म्हणजे झाडाच्या बुडाचे कंद, उघडे. माती धुऊन सरीत गेलेली आणि बोटाएवढी नवी हळकुंडं वर उन्हात, हिरवी पडायला लागलेली. शेतकऱ्याला विचारलं भरणी, म्हणजे बुडाला माती चढवायचं काम, कधी करताय, तर म्हणतो पाऊस उघडू द्या, मजूर मिळू द्या, गणपती होऊ द्या.

एवढी वाट बघू नका. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लावलेल्या हळदीला आता अडीच ते तीन महिने होतायत, भरणीची वेळ हीच. अक्षय्य तृतीयेला लावली असेल तर वेळ होऊनही गेली, तुम्ही उद्याच सुरू करा. पूर्वा नक्षत्राचा पाऊस चालू आहे, मग उत्तरा, आणि सप्टेंबरअखेरीला हत्तीचा, म्हणजे हस्ताचा पाऊस. आपल्या पुणे भागात परतीचा पाऊस कसा येतो हे कुणाला सांगायला नको, २०२० च्या ऑक्टोबरात इंदापूर, बारामती, दौंडकडे एका रात्रीत काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. तसा पाऊस उघड्या गड्ड्यावर पडला की पुढे औषधाला फार काही करता येत नाही.

उघड्या गड्ड्याला एवढं काय भ्यायचं असं वाटत असेल तर कंदमाशी समजून घ्या. सकाळी सातच्या सुमाराला प्लॉटात जा आणि खालच्या पानांवर बघा, डासासारखी पण डासापेक्षा बरीच मोठी, काळसर, लांब पायांची माशी दिसेल, पंखांवर राखाडी ठिपके असतात. ती अंडी घालते खोडाजवळच्या मातीत आणि उघड्या गड्ड्याच्या आसपास. त्यातनं निघालेली अळी गड्ड्यात शिरते, आतलं खाते, आणि तिनं केलेल्या भोकातनं बुरशी आत जाते. मग गड्डा मऊ पडतो, दाबला की पाणी सुटतं, घाण वास येतो. ह्यालाच आपण कंदकूज म्हणतो आणि बुरशीनाशकं ओतत बसतो, पण बऱ्याच वेळा दार माशीनं उघडलेलं असतं आणि माशीला ते आपणच मोकळं ठेवलेलं असतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्याच २० गुंठ्यात एका वर्षी गादीवाफा होता, ठिबक होतं, मला वाटलं बेड उंच आहेत, निचरा चांगला आहे, भरणीची काय गरज. सप्टेंबरात दोन मोठे पाऊस झाले आणि बेडच्या कडा ढासळल्या, कडेच्या ओळीचे गड्डे उघडे पडले. पानाचे शेंडे पिवळे पडले तसा मी दुकानात गेलो, तिथून एक किट हातात आलं, ह्युमिक, कसलं तरी समुद्री शेवाळ, कंद फुगवणीची बाटली आणि एक महागडं बुरशीनाशक, चार हजारांच्या पुढे बिल. दुकानदारानं एकदाही विचारलं नाही की भरणी केली का. ऑक्टोबरात कडेच्या ओळीतलं खोड धरून ओढलं तर नुसतं खोड हातात आलं, बुडाला तपकिरी चिखल आणि त्यात पांढुरक्या अळ्या. मधल्या ओळीत माती टिकली होती, तिथली हळद चांगली निघाली. शेत एकच, बेणं एकच, खत एकच, फरक फक्त मातीचा. तेव्हापासून मी भरणी सोडून दुसरं काही आधी बोलत नाही.

गादीवाफा आणि ठिबकवाल्यांनी हे जास्त मनावर घ्या, सरीवाले परंपरेनं भरणी करतात तरी, बेडवाले सोडूनच देतात.

भरणी कशी करायची तर वाफसा बघून, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी असताना. चिखलात कुदळ घातली की मुळं तुटतात आणि माती ढेकळं होऊन बसते, ती गड्ड्याला चिकटत नाही. दोन दिवस उघाड मिळाली की लगेच माणसं लावा, एका दिवसात सगळं व्हायलाच पाहिजे असं नाही, जिथं गड्डे जास्त उघडे तिथून सुरुवात करा. माती सरीच्या मधून उचला, झाडाच्या बुडापासून नको. गड्ड्यावर चार बोटं माती बसली पाहिजे. ह्यात एक फायदा असा की सरी आपोआप खोल होते आणि पाण्याला वाट मिळते, म्हणजे एका कामात दोन कामं. सरीचं तोंड शेताच्या उताराला मोकळं आहे का ते मात्र जाऊन बघा, बांधाशी पाणी तुंबून राहिलं तर शेवटच्या दोन वाफ्यांपासून सड सुरू होते. पॉवर टिलरनं करत असाल तर हळद दाटायच्या आधीच जमतं, आता पानं सरीवर आली असतील तर टिलर घालून पानं फाडू नका, माणसंच लावा.

भरणीबरोबर द्यायचं:
उरलेलं नत्र. शिफारस हेक्टरी २००:१००:१०० किलो नत्र, स्फुरद, पालाश, त्यातलं अर्धं नत्र ह्या वेळी, म्हणजे एकरी ४० किलो नत्र, ४५ किलोच्या युरियाच्या साधारण दोन गोण्या. ठिबकमधून हप्त्यानं देत असाल तर परत वरून टाकू नका.
निंबोळी किंवा करंजी पेंड. शिफारस हेक्टरी २ टन, म्हणजे एकरी ८ क्विंटल. परवडत नसेल तर जमेल तेवढी, पण टॉनिकच्या बाटल्यांचे पैसे वाचवून ह्यात घाला.
ट्रायकोडर्मा (कूज करणाऱ्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) एकरी २ ते २.५ किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, मातीत ओल असताना. त्याच आठवड्यात रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी (पाण्यातून बुडाला ओतणं) नको, नाहीतर ट्रायकोडर्मा मरतो.

माशीसाठी सगळ्यात स्वस्त उपाय एरंडीचा. २०० ग्रॅम एरंडीचं बी भरडून पसरट मातीच्या भांड्यात घ्या, त्यात एक ते दीड लिटर पाणी, आणि ठेवून द्या. आठ दहा दिवसांत ते आंबून असा वास सुटतो की माणूस जवळ थांबत नाही, पण कंदमाश्या त्याच वासाला येऊन त्यात पडून मरतात. हेक्टरी सहा भांडी सांगितलीत, मी २० गुंठ्यालाच दोन ठेवतो, एक बांधाच्या सावलीला ठेवतो कारण तिथं माशी जास्त बसते असं माझं निरीक्षण आहे. भांडी आजच भरून ठेवा म्हणजे भरणी होईपर्यंत वास धरतील.

माश्या खूप दिसल्या तर कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात क्विनॉलफॉस २५ टक्के २० मिली किंवा डायमेथोएट ३० टक्के १५ मिली, १० लिटर पाण्यातून, १५ दिवसांच्या अंतरानं आलटून पालटून असं असतं. कूज दिसलीच तर कॉपर ऑक्सिक्लोराइड ५ ग्रॅम किंवा मॅन्कोझेब ३ ग्रॅम किंवा कार्बेन्डाझिम १ ग्रॅम प्रति लिटर, यापैकी एकच, बुडाला आळवणी, आणि त्याआधी साचलेलं पाणी काढलेलं पाहिजे. शिफारशी बदलत असतात, त्यामुळे घ्यायच्या आधी बारामती किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या, दुकानदाराला नको. आणि आळवणी करून गड्डा उघडाच ठेवणार असाल तर ते पैसे खिशातच राहू द्या.

गणपतीत पातोळ्या आणि मोदकांसाठी मंडईत हळदीच्या पानांना चांगली मागणी असते, बरेच जण पानं विकतात, चांगलं आहे. पण ज्या ओळींची पानं विकायची त्यावर फवारा घेऊच नका, ती पानं लोकांच्या घरात वाफेवर शिजतात आणि लहान मुलांच्या ताटात जातात. त्या ओळी आधीच वेगळ्या ठेवा. एका झाडाची दोनपेक्षा जास्त पानं काढू नका, आणि हिसका देऊन ओढू नका, धारदार विळ्यानं देठ ठेवून कापा. हिसक्यानं खोड हलतं, बुडाची माती सुटते आणि परत गड्डा उघडा.

काही झाडांना आता मधून दांडा येऊन फूल दिसतंय, फिकट पानांच्या कणसात छोटी पिवळी फुलं. त्यावर घाबरून फोन येतात, फूल थांबवायचं औषध म्हणूनही काही काही विकलं जातं. काही फवारू नका. दांडा उपटूनही काढू नका, उपटला की खोडात पोकळी राहते आणि पाऊस थेट गड्ड्यापर्यंत उतरतो, अशी झाडं आधी सडलेली मी बघितलीत.

बाकीची कामं:
तण भरणीच्या आधी हातानं काढा.
पाऊस नसेल तर हलकं पाणी, तुंबवून नाही.
करप्याचे ठिपके असलेली खालची पानं तोडून शेताबाहेर न्या.
आंतरपीक म्हणून मका घेतला असेल तर काढा, हळदीला तो जमत नाही.
सडलेलं झाड मातीसकट उचला, बांधावर टाकू नका, खोल पुरा.

पुण्यात गच्चीवर कुंडीत आणि ग्रो बॅगमध्ये हळद लावणारेही बरेच आहेत, त्यांनाही हेच. रोज पाणी घालून घालून माती बसते आणि गड्डा वर येतो, तेव्हा कुंडी लावतानाच वर चार पाच इंच जागा रिकामी सोडत जा. ह्या वर्षी सोडली नसेल तर कुंडीच्या काठाला सुपारीची झापं नाहीतर जाड पुठ्ठा उभा करून वर शेणखत मिसळलेली माती भरा. खालचं भोक काडी घालून मोकळं करा आणि बशी काढून टाका, बशीतल्या पाण्यानं कुंडीतली हळद आठ दिवसांत सडायला लागते.

भरणी झाल्यावर पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी परत एक फेरी मारा, हातात खुरपं घेऊनच जा, कारण बेडच्या कडेला कुठं ना कुठं माती खचलेली असतेच आणि दोन मुठी माती तिथल्या तिथं लावून होते.