शहरातले बंद पडत चाललेले शॉपिंग कॉम्प्लेक्स पुन्हा चालते कसे करावे

पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा: गोव्यातल्या कुठल्याही शहराच्या मध्यावर असे एक कॉम्प्लेक्स सापडते. रस्त्याकडचे गाळे जोरात, आतले निम्मे बंद, पहिल्या मजल्यावर एक शिकवणी वर्ग नि एक झेरॉक्सवाला, दुसऱ्या मजल्यावर शटरांना गंज. बाहेर फुटपाथवर मात्र चालायला जागा नसते. म्हणजे गिऱ्हाईक आहे, ते आत वळत नाही. बहुतेक वेळा याचे मूळ एकच असते: बिल्डरने गाळे सुटे सुटे विकले, मालक पन्नास झाले, आणि कुठल्या गाळ्यात कोणते दुकान यावे हे ठरवणारा कोणी उरला नाही. कॉम्प्लेक्सच्या समित्या हे सोडून आधी रंग लावतात, फुगे लावतात, डीजे बोलावतात. त्या पैशाला हात लावू नका, पुढे गच्चीला लागणार आहेत.

सुरुवात गाळ्यांच्या रजिस्टरने करा. प्रत्येक गाळ्यापुढे चटई क्षेत्र, मालक, भाडेकरू, करार संपण्याची तारीख, देखभालीची थकबाकी आणि वीजमीटर चालू की तोडलेला, एवढे लिहा. गच्ची, पार्किंग आणि जिन्याखालची जागा कोणाच्या नावावर आहे तेही कागदावर बघा. सोसायटीकडे हस्तांतरण झालेच नाही असे हमखास निघते. गाळे नगरपालिकेचे असतील तर पोटभाडे देता येते का, हे भाडेपट्ट्यात आधी वाचा. बरेच बंद गाळे धंद्याअभावी बंद नसतात. मालक आखातात किंवा पोर्तुगालात असतो, नाहीतर वारसांची इन्व्हेंटरी (वाटणीचा दावा) कोर्टात अडकलेली असते. अशा गाळ्याच्या करारावर सगळ्या वारसांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या घ्या. इथल्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, त्यामुळे राहून गेलेली एक सही पुढे सगळे थांबवू शकते.

मग लगतच्या गाळ्यांचे गट पाडा. 12 चौरस मीटरचा एकटा गाळा आज मोबाईल कव्हरपलीकडे कोणाला पुरत नाही. तीन जोडले तर 36 चौरस मीटर होतात आणि चांगला औषधवाला किंवा दंतवैद्य विचार करतो. मालकांनी समितीला तीन वर्षांसाठी भाड्याने देण्याचे अधिकारपत्र द्यावे, भाडे चटई क्षेत्राच्या प्रमाणात वाटून घ्यावे. मधली भिंत काढण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा. कॉलम-बीमच्या इमारतीत विटांची आडभिंत सहसा निघते, पण तिच्यातून गेलेली वायर आणि पाण्याची नळी कोणाच्या लक्षात नसते. करार संपल्यावर भिंत कोणाच्या खर्चाने परत उभी राहील हे लिहून ठेवा, नाहीतर वाद ठरलेलाच.

देखभालीची वर्गणी चटई क्षेत्रावर लावा, गाळा उघडा असो की बंद. बंद गाळ्याला सूट दिली की तो बंद ठेवणे परवडू लागते, आणि दिवे-झाडूचा सगळा भार उघड्या दुकानांवर पडून तीही निघून जातात.

गिऱ्हाईक मोजायला हातातला काउंटर पुरतो. माणसे तीन जागी उभी करा: फुटपाथवर, मुख्य दारात आणि पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या तोंडाशी. सकाळी 10 ते 1, संध्याकाळी 4 ते 8, दर अर्ध्या तासाची नोंद. आठवड्यातला एक साधा दिवस, शनिवार आणि बाजाराचा दिवस वेगवेगळे मोजा. म्हापशात शुक्रवारचा आकडा इतर दिवसांत मिसळलात तर हिशेबाला अर्थ राहत नाही. फुटपाथ भरलेला आणि दार रिकामे असेल तर दोष दर्शनी भागात. दारात गर्दी आणि जिना रिकामा असेल तर दोष जिन्यात, किंवा वर जाण्यासारखे काहीच नाही.

आता गच्ची. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जूनच्या पहिल्या आठवड्यात हजर होतो, म्हणून हे काम मेच्या मध्यापर्यंत संपवा. आधी पाण्याचे आउटलेट मोजा. तासाला 100 मिलिमीटरचा पाऊस धरला तर 100 मिलिमीटर व्यासाचा एक पाइप साधारण 40 चौरस मीटर गच्चीचे पाणी नेतो. 200 चौरस मीटरला पाच पाइप हवेत, जुन्या इमारतींत दोन सापडतात. उतार निदान 1:100 ठेवा, कठड्याच्या मुळाशी सिमेंटची गोलाई काढा आणि वॉटरप्रूफिंगचा थर कठड्यावर 300 मिलिमीटर वर चढवा. काम झाल्यावर आउटलेट बुजवून 25 ते 50 मिलिमीटर पाणी 48 तास साठवा, खालून छत बघा, मगच ठेकेदाराचा शेवटचा हप्ता द्या. पत्र्याची शेड घालणार असाल तर परवानगी काढा आणि स्क्रूखालच्या रबरी वॉशरवर लक्ष ठेवा. उन्हाने ते कडक होतात, खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात, नि गळती नेमकी तिथून सुरू होते. स्लॅबचे तुकडे पडून सळ्या दिसत असतील तर बाकी सगळे थांबवून आधी इमारतीची तपासणी करून घ्या.

गच्चीनंतर शौचालय. बायकांसाठी वेगळे, कडी लागणारे, पाणी असलेले. दर दोन तासांनी सफाई आणि दारावर सहीचा कागद. ज्या इमारतीत हे नाही तिथे कुटुंब रेंगाळत नाही, जाहिरात कितीही करा.

दिवे लावताना जिन्याच्या वळणापासून सुरुवात करा. माणूस वर जायचे की नाही ते खालच्या पायरीवर उभा राहून ठरवतो आणि त्याला तो अंधारा कोपराच दिसतो. मार्गिकेत 150 ते 200 लक्स (उजेडाचे माप), वळणावर 300 पर्यंत. उजेडाचा रंग 4000 केल्विन, म्हणजे फार पिवळाही नाही नि निळसरही नाही. मोबाईलवरच्या अॅपने ढोबळ मोजणी होते. जिन्याशेजारचा नावांचा फलकही बघा. त्यावर केव्हाच बंद झालेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटचे नाव अजून असेल. मेलेली नावे काढा, उरलेली डोळ्यांच्या उंचीवर, मजल्याप्रमाणे, मोठ्या अक्षरांत लिहा. लिफ्ट नसेल तर तळमजल्यावर तरी 1:12 उताराचा रॅम्प द्या.

कुठे काय बसवायचे याचा नियम सोपा आहे. जाता जाता खरेदी होते ते खाली: औषधे, बेकरी, फळे, मोबाईल दुरुस्ती. ठरवून येतात ते वर: दंतवैद्य, रक्ततपासणी, शिंपी, सीए, संगीत वर्ग, व्यायामशाळा. बँक पुढच्या कोपऱ्यात हवी असा मालकांचा हट्ट असतो, कारण भाडे खात्रीचे. पण संध्याकाळी, नेमके धंद्याच्या वेळी, तो कोपरा अंधारात जातो. बँकेला पहिला मजला द्या, पुढे फक्त एटीएम. खानावळ घ्यायची तर धुराडे गच्चीच्या वर न्यावे लागते आणि सांडपाण्याला ग्रीस ट्रॅप (तेल-चरबी अडवणारी टाकी) लागतो, तोही दर आठवड्याला उपसावा लागतो. ही सोय नसताना मासे तळणारे हॉटेल घेतलेत तर शेजारचा साडीवाला महिनाभरात नोटीस देईल.

भाडे ठरवताना दुकानाच्या विक्रीशी ताळा घाला. भाडे आणि देखभाल मिळून किराण्याला विक्रीच्या 3-4 टक्क्यांपुढे झेपत नाही, कपड्यांना 12-15 टक्क्यांपर्यंत चालते. नव्या भाडेकरूला सजावटीसाठी दोन महिने भाडेमाफी द्या. पुढे किमान भाडे किंवा विक्रीचा ठरलेला टक्का, यातले जे जास्त ते घ्या. व्यावसायिक भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागू होत असेल तर आकडा बोलतानाच सांगा.

जे गाळे अजून रिकामेच आहेत त्यांची शटरे वर करा, आत एक दिवा ठेवा आणि 30 ते 60 दिवसांच्या परवान्यावर हंगामी माल बसवा. मेमध्ये पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायचे सामान (सुकी मासळी, मिरची, कोकमाची सोलां) आणि छत्र्या-रेनकोट, गणेश चवथीआधी माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचे) सामान नि मखराची सजावट, मग आकाशकंदील, डिसेंबरात नाताळचे तारे. सुकी मासळी मात्र आत घेऊ नका, तिला बाहेरच्या पडवीतच जागा द्या. पर्यटकांच्या भरवशावर हे वेळापत्रक आखू नका. जुलैत तुमचे दुकान चालवणारा माणूस ताळगाव नाहीतर पर्वरीहून स्कूटरने येतो. त्याला स्कूटर ठेवायला जागा द्या. पार्किंगमध्ये रचलेली खोकी हलवली की एका गाडीच्या 2.5 गुणिले 5 मीटर जागेत पाच-सहा दुचाक्या मावतात.

दुपारच्या बंदचा निर्णय मात्र एकत्रच घ्या. एक ते चार निम्मी शटरे खाली असली की नवखा माणूस कॉम्प्लेक्स कायमचे बंद समजतो. सगळ्यांनी मिळून बंद ठेवा आणि वेळा दारावर लिहा, किंवा तळमजला तरी सलग उघडा ठेवा. सहा महिन्यांनी त्याच तीन जागी पुन्हा मोजणी करा. जिन्याचा आकडा हलला नसेल तर दुसऱ्या मजल्यावर दुकानांचा नाद सोडून नगर नियोजन खात्याकडे कार्यालयांसाठी वापरबदलाची चौकशी करा.