नेटवर्क ड्रायव्हर लिहिताय? मेमरीच्या या चुका टाळा

लिनक्सचा नेटवर्क ड्रायव्हर पहिल्या दिवशी चालतोच. पिंग जातं, परत येतं, सगळे खूश. गोची होते ती नंतर. बोर्ड रात्रभर ट्रॅफिकखाली ठेवलेला असतो आणि सकाळी बघावं तर लिंक वर, पोर्टावरचा दिवा लुकलुकतोय, पण आत एक पॅकेट येत नाही. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, चकार शब्द नाही. मग कोणी केबल बदलतं, कोणी स्विच रीस्टार्ट करतं, आणि शेवटी खापर हार्डवेअरवर फुटतं. हार्डवेअर बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं.

आमच्याकडे इंदुरात छोट्या एआरएम बोर्डांवर काम चालतं आणि माझ्याकडे रिव्ह्यूला येणारा कोड बराचसा नव्या मुलामुलींचा असतो. सी पक्की, पॉइंटरची भीती गेलेली, तरी चुका त्याच त्याच. या क्षणी हा बफर कोणाच्या ताब्यात आहे, प्रोसेसरच्या, कार्डाच्या की वरच्या नेटवर्क स्टॅकच्या (कर्नलमधला टीसीपी-आयपीचा भाग), एवढा एकच प्रश्न कोड लिहिताना डोक्यात नसतो. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका तिथूनच निघतात. (फंक्शनांची नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत, अंडरस्कोर तुम्ही घाला.)

रिंग रिकामी पडते आणि कोणाला कळत नाही

रिसीव्ह रिंग म्हणजे डिस्क्रिप्टरांची, कार्डासाठीच्या छोट्या नोंदींची, गोल रांग. २५६ असतील, ५१२ असतील. ‘ईथटूल -जी’ने दिसतात. प्रत्येकात एका रिकाम्या बफरचा पत्ता. पॅकेट आलं की कार्ड बफर भरतं, ड्रायव्हर तो काढून स्टॅकला देतो आणि त्या जागी नवा ठेवतो.

रिव्ह्यूला कोड येतो तो असा: भरलेला बफर वर दिला, मग नवा मागितला, नाही मिळाला तर ‘कंटिन्यू’. मेमरीची क्षणभर तंगी झाली की त्या घरात पोकळी राहते. पुढच्या फेरीत आणखी एक. असं करत सगळी रिंग रिकामी झाली की कार्डाला पॅकेट ठेवायला जागा नाही, म्हणून रिसीव्हचा इंटरप्ट नाही. इंटरप्ट नाही म्हणून पोल (आलेली पॅकेटं उचलणारं ड्रायव्हरचं फंक्शन) नाही, आणि पोल नाही म्हणून रिफिल, म्हणजे नवे बफर भरणं, नाही. मेमरी तर दोन सेकंदांत मोकळी झालेली असते, पण ड्रायव्हरला ते कळायला वाटच उरलेली नसते.

क्रम उलटा करा. आधी नवा बफर मागा. मिळाला तर जुना वर आणि नवा रिंगमध्ये. नाही मिळाला तर आलेलं पॅकेट टाकून द्या, ड्रॉपचा आकडा एकने वाढवा आणि तोच बफर पुन्हा कार्डाच्या स्वाधीन करा. एक पॅकेट गेलं तर टीसीपी ते पुन्हा पाठवेल. रिंग गेली तर इंटरफेस खाली-वर करण्यावाचून इलाज नाही.

काही ड्रायव्हर रिफिल एकेक न करता गठ्ठ्याने करतात. त्यांना आणखी एक सोय लागते. व्हर्टआयओ-नेट (व्हर्च्युअल मशीनमधल्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर) बरीच वर्षं काय करत आला बघा: रिफिल फसला की तो ते काम थोड्या वेळाने वर्कक्यूवर (मागाहून करायच्या कामांची कर्नलची रांग) टाकायचा. तिथे थांबायची मुभा असते, त्यामुळे ‘जीएफपी कर्नल’ने, म्हणजे गरज पडल्यास थांबून, निवांत मेमरी मागता येते. वर्कक्यू नको असेल तर साधा टायमर लावा, पण पोलला पुन्हा जागं करणारं काहीतरी हवंच.

पाठवताना: एसकेबी कोणी सोडायचा?

ट्रान्समिटच्या फंक्शनमध्ये एसकेबी (कर्नल ज्यात पॅकेट ठेवतो ते स्ट्रक्चर) हातात आला की तो तुमचा, ही समजूत अर्धीच खरी आहे. ‘नेटडेव्ह टीएक्स ओके’ परत केलंत तर तुमचा. मग तो पाठवा किंवा टाकून द्या, पण सोडण्याची जबाबदारी तुमची. ‘नेटडेव्ह टीएक्स बिझी’ परत केलंत तर तो अजून स्टॅकचाच आहे, त्याला हात लावायचा नाही. आधी फ्री करून मग बिझी परत करणारा कोड मी इतक्यांदा पाहिला आहे की आता रिव्ह्यूला पहिली नजर तिथेच जाते. स्टॅक तोच मेलेला एसकेबी पुन्हा पाठवायला घेऊन येतो, आणि कर्नल भलत्याच ठिकाणी कोसळतो.

उलटी चूक जरा शांत असते. डीएमए मॅपिंग (कार्डाला बफर थेट वाचता-लिहिता यावा म्हणून त्याचा पत्ता करून देणं) फसलं, ड्रायव्हरने ‘ओके’ परत केलं, एसकेबी मात्र कोणीच सोडला नाही. गळती इतकी बारीक की दिवसचे दिवस दिसत नाही. स्लॅबटॉपमध्ये (कर्नलच्या मेमरीचा वापर दाखवणारं साधन) ‘एसकेबफ हेड कॅश’ची ओळ चढत राहिली आणि ट्रॅफिक थांबल्यावरही उतरली नाही, तर ही वाट तपासा.

मुळात बिझी परत करायची वेळ येऊच नये. एका एसकेबीला डोक्याचा एक आणि तुकड्यांचे साधारण १७ पर्यंत डिस्क्रिप्टर लागू शकतात. तेवढी जागा उरली नसेल तर रांग आधीच थांबवा, पुढचं पॅकेट येऊन आपटेपर्यंत वाट बघू नका.

एक बारकी खोच. इथरनेट फ्रेम (शेवटची तपासबेरीज, म्हणजे एफसीएस, सोडून) किमान ६० बाइटची लागते, म्हणून लहान पॅकेटला ‘एसकेबी पॅड टू’ने शेपूट जोडतात. हे फंक्शन फसलं तर एसकेबी ते स्वतःच सोडतं. तुम्ही एरर पाहून सवयीने पुन्हा सोडलात की डबल फ्री. आणि पॅडिंगच केलं नाहीत, नुसती लांबी ६० लिहून मोकळे झालात, तर बफरमागची कर्नलची शिळी मेमरी तारेवरून बाहेर जाते. २००३ साली ‘ईथरलीक’ नावाने गाजलेली सुरक्षेची त्रुटी ती हीच, आणि ती एका नव्हे, कितीतरी ड्रायव्हरांत सापडली होती.

डोअरबेल वाजवून, म्हणजे नवं काम आल्याचं कार्डाला कळवून, झाल्यावर आकडेवारीसाठी ‘एसकेबी लेन’ वाचणं हीसुद्धा याच घराण्यातली चूक. डोअरबेलनंतर एसकेबी तुमचा नाही. दुसऱ्या कोअरवर कंप्लिशन, म्हणजे पाठवून झाल्याची खबर, येऊन तो सुटलेलाही असू शकतो. लांबी आधीच लोकल व्हेरिएबलमध्ये घेऊन ठेवा.

कंप्लिशनमध्ये व्यवस्थित गेलेला एसकेबी ‘कन्झ्यूम’ प्रकारच्या फंक्शनने सोडावा, ‘केफ्री एसकेबी’ने नाही. मेमरी दोन्हींनी सुटते, पण दुसऱ्याने ड्रॉप मॉनिटरमध्ये तो ड्रॉप म्हणून नोंदला जातो. मग खरा ड्रॉप शोधणाऱ्याचा जीव जातो.

डीएमए: लॅपटॉपचं ऐकू नका

“ताई, माझ्या लॅपटॉपवर तर एकदम बढिया चालतंय!”

चालणारच रे. एक्स८६वर डीएमए आणि कॅश यांचा मेळ हार्डवेअर स्वतः राखतं. तुम्ही ‘सिंक’ (कॅश आणि मेमरी जुळवणारे कॉल) विसरलात तरी डेटा बरोबर दिसतो. तोच ड्रायव्हर असा मेळ न राखणाऱ्या एआरएम बोर्डावर नेला की मजा सुरू होते. एकदा एका मुलाने हेक्सडंप आणून दाखवला: पॅकेटचे पहिले ६४ बाइट मघाच्याच एआरपीचे, आणि पासष्टाव्यापासून पुढे नव्या पॅकेटचा मजकूर. ६४ बाइट म्हणजे त्या प्रोसेसरची नेमकी एक कॅश लाइन. बिघाड बरोबर कॅश लाइनच्या हद्दीवर सुरू होतो किंवा थांबतो, तेव्हा तारेचा किंवा फायचा (पोर्टाचे सिग्नल सांभाळणारी चिप) संशय घेऊ नका. त्याच्या ड्रायव्हरमध्ये बफर अनमॅप न करता पुन्हा वापरला जात होता, जे चांगलंच आहे. पण वाचायच्या आधी ‘डीएमए सिंक सिंगल फॉर सीपीयू’ आणि परत देताना ‘फॉर डिव्हाइस’ यांचा पत्ता नव्हता.

मॅपिंगच्या बाकी चुका ‘कॉन्फिग डीएमए एपीआय डीबग’ लावलं की कर्नल स्वतःच ओरडून सांगतो. मॅप केलं पण ‘डीएमए मॅपिंग एरर’ तपासलं नाही. १५३६ बाइट मॅप केले आणि अनमॅप करताना पॅकेटची लांबी दिली. ‘मॅप सिंगल’ केलेलं ‘अनमॅप पेज’ने सोडलं. शेवटची चूक हमखास तुकड्यांच्या एसकेबीत होते: डोकं ‘सिंगल’ने मॅप होतं, तुकडे ‘पेज’ने, आणि पाचवा तुकडा फसला की आधीचे चार आणि डोकं उलट्या क्रमाने, ज्याचं त्याला, सोडायचं असतं. ही परतीची वाट लिहायचा सगळ्यांना कंटाळा येतो. पत्ता, लांबी आणि प्रकार प्रत्येक डिस्क्रिप्टरच्या जोडीला लिहून ठेवलात तर ती दहा ओळींत बसते.

मास्क, म्हणजे कार्ड किती बिटांच्या पत्त्यापर्यंत पोचतं ते, सांगायला विसरू नका. ‘डीएमए सेट मास्क अँड कोहेरंट’ न बोलावल्यास कर्नल ३२ बिट धरून चालतो. ४ जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या, आयओएमएमयू (कार्डाचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) नसलेल्या मशीनवर मग वरच्या भागातलं प्रत्येक पॅकेट खालच्या मेमरीतल्या बाउन्स बफरमधून कॉपी होत जातं. सगळं चालतं, फक्त हळू. लोड वाढला की ‘एसडब्ल्यूआयओटीएलबी बफर इज फुल’ येतं, कारण बाउन्स बफरांचा तो साठा मुळात ६४ एमबीचा. साठा वाढवायचा बूट पॅरामीटर आहे, पण औषध ते नव्हे. कार्डाला ६४ बिट जमत असतील तर तसं सांगा.

फंक्शनच्या स्टॅकवरच्या (नेटवर्क स्टॅक नव्हे) लोकल व्हेरिएबलला डीएमए करू नका, चार बाइटचं असलं तरी. कर्नल ४.९ मध्ये स्टॅक व्हर्च्युअल मॅपिंगवर गेला तेव्हा यूएसबीचे कितीतरी ड्रायव्हर याच पायी मोडले होते.

झोपायचं कुठे

नॅपीचं (कर्नलची पॅकेटं गठ्ठ्याने उचलायची पद्धत) पोल सॉफ्टआयआरक्यूमध्ये चालतं, जिथे झोपायला, म्हणजे मेमरीची वाट बघत थांबायला, मनाई असते. तिथे ‘जीएफपी कर्नल’ चालत नाही, ‘जीएफपी ॲटॉमिक’च लागतं. मोकळ्या मशीनवर चूक कळत नाही, कारण मेमरी लगेच मिळते आणि झोपायची वेळच येत नाही. ‘डीबग ॲटॉमिक स्लीप’ लावा, पहिल्याच पॅकेटला कळेल. उलट, इंटरफेस वर करताना, म्हणजे ‘ओपन’मध्ये, सगळी रिंग भरायला ॲटॉमिक वापरणं हा राखीव साठ्यावर उगाच डल्ला आहे. तिथे निवांत ‘कर्नल’ मागा.

मापात पाप

२०४८ बाइटच्या अर्ध्या पेजात १५०० एमटीयूचं पॅकेट आरामात बसतं, असं वाटतं. हिशोब करा. व्हीएलएएन आणि एफसीएस धरून फ्रेम १५२२. पुढे ६४ बाइट मोकळी जागा. मागे एसकेबीची शेअर्ड इन्फो (तुकड्यांची यादी ठेवणारा भाग), ६४ बिट मशीनवर साधारण ३२०. बेरीज १९०६, बसलं. आता कोणी एक्सडीपी (पॅकेट स्टॅकच्या आधीच हाताळणारा प्रोग्रॅम) जोडलं की पुढची जागा २५६ होते आणि बेरीज २०९८. पन्नास बाइटने गणित चुकलं, आणि कार्ड शेअर्ड इन्फोवर लिहून मोकळं. हा कोसळण्याचा प्रकार पॅकेट मोठं असेल तेव्हाच दिसतो, म्हणून पिंगवर कधी सापडत नाही. हिशोब कागदावर न ठेवता ‘बिल्ड बग ऑन’ (अट मोडली तर कंपाइलच होऊ न देणारा मॅक्रो) म्हणून कोडमध्येच टाका.

जंबो फ्रेमसाठी सलग ९००० बाइटचा बफर मागू नका. तो १६ केबीला गोल होतो, म्हणजे सलग चार पेज. बूट झाल्याझाल्या मिळतात, आठवड्याने मिळत नाहीत. बडीइन्फो (मोकळ्या सलग पेजांचा कर्नलचा तक्ता) बघा: पहिल्या रकान्यात हजारो सुटी पेज, पुढच्या रकान्यांत शून्य. ‘मिन फ्री केबाइट्स’ वाढवून काही दिवस ढकलता येतात, एवढंच. पेजपेजचे तुकडे करून ‘एसकेबी ॲड आरएक्स फ्रॅग’ने जोडा.

आणि त्याच फंक्शनचा शेवटचा आर्ग्युमेंट, ‘ट्रूसाइज’, खरा लिहा. १०० बाइटचं पॅकेट ४०९६चं पेज अडवून बसलं असेल तर ४०९६ लिहायचं. १०० लिहिलंत तर सॉकेटची मर्यादा चाळीसपटीने फसते, आणि वाचायला आळशी असलेलं एखादं ॲप्लिकेशन मशीनची मेमरी गिळून टाकतं. लहान पॅकेट नव्या छोट्या एसकेबीत कॉपी करून पेज लगेच मोकळं करणं बहुधा स्वस्त पडतं. ई१००० सारख्या जुन्या ड्रायव्हरांत त्यासाठी २५६ बाइटची सीमा आहे.

पेज पूल

कर्नल ४.१८ पासून पेज पूल, म्हणजे रिसीव्हची पेजं पुन्हा वापरायची तयार सोय, आहे. नवा ड्रायव्हर लिहिताना स्वतःचं रिसायकलिंग लिहूच नका. फक्त ‘एसकेबी मार्क फॉर रिसायकल’ विसरू नका, नाहीतर पेज पूलला न कळवता परस्पर सुटतात. मॉड्यूल काढताना दर मिनिटाला ‘स्टॉल्ड पूल शटडाउन’ छापलं जात असेल तर बहुधा हेच. बहुधा एवढ्यासाठी म्हणतेय की कधी ती पेजं एखाद्या सॉकेटच्या रांगेत प्रामाणिकपणे पडून असतात. आधी ‘एसएस’ या सॉकेट दाखवणाऱ्या कमांडने रांगा बघा, मग ड्रायव्हरवर आरोप करा.

बंद करताना

ट्रान्समिट रांग थांबवा, कार्डाचं डीएमए बंद करा, इंटरप्ट बंद करा, ‘नॅपी डिसेबल’ करा, आणि मगच अनमॅप आणि फ्री. आधी फ्री केलंत तर कार्ड त्या जागी लिहीतच राहतं, आणि ती जागा एव्हाना फाइल सिस्टिमला दिलेली असू शकते. आयओएमएमयू चालू असेल तर निदान डीएमए फॉल्टची ओळ तरी पडते. म्हणून विकासाच्या मशीनवर तो चालूच ठेवा.

मुद्दाम मोडून बघा

हे सगळे रस्ते मेमरी संपल्यावरच चालतात, आणि टेबलावरच्या मशीनची मेमरी संपत नाही. म्हणून कर्नलचं फॉल्ट इंजेक्शन वापरा: डीबगएफएसमधलं ‘फेलस्लॅब’ आणि ‘फेल पेज ॲलॉक’. दोन गोष्टींनी लोक फसतात. ‘टाइम्स’ मुळात १ असतो, म्हणजे एकदाच फसवून ते गप्प बसतं, -१ करा. आणि पेजच्या बाबतीत ‘मिन ऑर्डर’सुद्धा १ असते, त्यामुळे साधी एकेक पेजची मागणी कधीच फसत नाही, ती शून्य करा. मग आयपर्फ (ट्रॅफिक पाठवणारं साधन) चालू ठेवून इंटरफेस खाली-वर करत राहा.

गळतीसाठी केमेमलीक आहे, पण तो थेट मागितलेली पेजं मोजत नाही. त्यासाठी बूटला ‘पेज ओनर’ चालू करावा लागतो. सुटलेल्या मेमरीला हात लावणाऱ्या कोडसाठी केएसॅन. वेगाचे आकडे घ्यायच्या आधी मात्र केएसॅन आणि डीएमए डीबग दोन्ही काढून कर्नल पुन्हा बांधा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी कोणीतरी ड्रायव्हर हळू आहे म्हणून तक्रार घेऊन येतं.