घरी बनवलेल्या सस्पेन्शन आर्मला (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याला) कोणता रंग?

पावडर कोटिंग (भुकटी भट्टीत वितळवून चढवलेला रंग) दिसायला झकास, पण खडी लागून टवका उडाला की गंज आतल्या आत पसरतो, आणि जाड थराखाली वेल्डची बारीक चीर दिसतच नाही. घरी वेल्ड केलेल्या आर्मसाठी मी दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलियुरेथेनचा पातळ हात हेच सुचवेन. नुसता इपॉक्सी उन्हात भुकटतो. रंग फिका घ्या, काळा नको: चिरेतून झिरपलेला गंज फिक्यावर लगेच उठून दिसतो. आधी पोलादावरची काळी खपली घासून काढा, तेलकटपणा पुसा. बुशची (सांध्यात बसणाऱ्या रबरी नळीची) भोकं, आटे आणि बोल्टखाली दबणारे पृष्ठभाग मात्र टेपने झाका. तिथला रंग दबून बोल्ट सैल पडतात. हाय-टेन्साइल (जास्त ताकदीच्या) पोलादाला क्रोमचा मुलामा तर नकोच, मुलामा देताना शिरणाऱ्या हायड्रोजनमुळे ते ठिसूळ होऊ शकतं.