मुंबईचे आमदार एका कागदावर आणताना मी कुठे आपटले (नव्या सहायकांसाठी)

लक्षवेधी (तातडीच्या प्रश्नाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) कशी देतात, औचित्याचा मुद्दा कधी मांडतात, तारांकित-अतारांकितमधला फरक वगैरे मी सांगत बसणार नाही, आमदाराच्या ऑफिसात रिसर्चच्या कामाला लागलात म्हणजे एवढं वाचूनच आला असाल. मी सांगणारेय ते नियमांच्या पुस्तकात नाहीये. मुंबईचा प्रश्न असेल तर वेगवेगळ्या पक्षांच्या आमदारांना एका मसुद्यावर कसं आणायचं, आणि पहिल्याच वर्षी मी त्यात कशी तोंडावर पडले ते.

मुंबईत ३६ आमदार, शहरात १० आणि उपनगरात २६. २८८ च्या सभागृहात एवढे जण एका सुरात बोलले तर कुठल्याही मंत्र्याला घाम फुटेल. पण तसं होत नाही, आणि दरवेळी पक्षच आडवा येतो असंही नाही. उपकरप्राप्त इमारतींचंच घ्या ना, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या इमारती, त्या सगळ्या जुन्या शहरात, सायन-माहीमच्या अलीकडे. बोरिवलीच्या आमदाराकडे अशी एकही इमारत नाही, मग तो कशाला वेळ घालवेल? त्याच्याकडे झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत बिल्डरने भाडं थकवलेली माणसं रोज ऑफिसच्या बाहेर बसलेली असतात. म्हणून त्याच्याकडे जाताना त्याचाही एखादा प्रश्न आपल्या साहेबांनी उचलायचा असं आधीच ठरवून जायचं. कोणी याला देवाणघेवाण म्हणेल, म्हणू दे, मला त्यात काही वावगं वाटत नाही.

आता माझी चूक. पावसाळी अधिवेशन होतं, एका धोकादायक इमारतीतल्या भाडेकरूंना नोटिसा गेल्या होत्या आणि संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, जागा मिळत नव्हती. मी आठ दिवस खपून लक्षवेधीचा मसुदा केला. तीन पक्षांचे चार आमदार तयार झाले, त्यात एक सत्ताधारी, आणि मी नुसती हवेत. नावांचा क्रम मीच लावला आणि आमच्या साहेबांचं नाव सगळ्यात वर टाकलं. पगार त्यांच्याकडून, मसुदा माझा, मग वर दुसऱ्या कोणाचं नाव टाकणार असं मला तेव्हा अगदी सरळ वाटलं होतं.

इमारत मात्र दुसऱ्याच आमदारांच्या मतदारसंघात होती. भाडेकरू वर्षभर त्यांच्याच दारात होते, कोणत्या मजल्याला टेकू आहे आणि कोणाचं पागडीचं भांडण कोर्टात आहे हे सगळं त्यांना तोंडपाठ. कामकाजाच्या पत्रिकेत त्यांनी स्वतःचं नाव तिसरं बघितलं आणि त्या दिवशी ते सभागृहात आलेच नाहीत. भांडले नाहीत, फोन नाही, काही नाही, आलेच नाहीत फक्त. आमचे साहेब माझी दीड पानाची नोट घेऊन उभे राहिले, मंत्र्यांनी उलट विचारलं की नक्की किती कुटुंबं शिबिरात जायला तयार आहेत, आणि तो आकडा माझ्या नोटमध्ये नव्हताच. "तपासून घेऊ." संपलं. लॉबीत साहेब मला एक शब्द बोलले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं.

पहिल्या नावाचं एवढं काय असतं हे नीट समजून घ्या, कारण हे कोणी सांगत नाही. अध्यक्ष आधी पहिल्या नावाला पुकारतात, म्हणजे पहिला प्रश्न त्याचा, उत्तरातलं मुख्य आश्वासन त्याच्या प्रश्नाला, दुसऱ्या दिवशी पेपरात नाव त्याचं आणि मतदारसंघात व्हिडिओही त्याचाच फिरतो. बाकीच्यांच्या वाट्याला उपप्रश्न, तेही वेळ उरला तर. म्हणजे तुम्ही ज्याला तिसरा टाकता त्याच्याच लोकांसमोर तुम्ही त्याला तिसरा करता! हे मला कळायला त्याच आमदारांच्या पीए काकांनी कँटीनमध्ये चहा पाजून सांगावं लागलं, "बाई, ज्याच्या अंगणातलं प्रेत त्याने खांदा आधी द्यायचा." उदाहरण भयंकर आहे पण डोक्यात बसलं.

तेव्हापासून माझं गणित असं: ज्याच्या मतदारसंघातला प्रश्न त्याचं नाव पहिलं, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. प्रश्न सगळ्या मुंबईचा असेल तर सत्ताधारी आमदार वर आणि विरोधी पक्षाचा दुसरा. आपल्याच माणसाला मंत्री उडवून लावू शकत नाही, आणि बोचरा प्रश्न दुसऱ्या नंबरचा विचारतोच. आमच्या साहेबांना हे पटवायला एक अधिवेशन गेलं, अजूनही पूर्ण पटलंय असं नाही.

दुसरी गोष्ट मसुद्याच्या भाषेची, थोडक्यात सांगते. "मागील सरकारच्या काळात" हे तीन शब्द दिसले की निम्मी नावं गळाली समजा. मुंबईचे प्रश्न एका सरकारात सुटत नाहीत. ५०० चौरस फुटांच्या घरांचा मालमत्ता कर बघा, २०१९ मध्ये एका सरकारने फक्त सर्वसाधारण कर माफ केला, २०२२ मध्ये दुसऱ्याने पूर्ण. उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडा कायद्यातली दुरुस्ती विधिमंडळाने २०२० ला मंजूर केली, राष्ट्रपतींची संमती आली २०२२ च्या शेवटी, मधे सरकारच बदललेलं. आता बॅनर कोणाचा लावायचा सांगा.

आणि विभाग तपासा, प्लीज. रस्ता पालिकेचा की एमएमआरडीएचा, जमीन जिल्हाधिकाऱ्यांची की पोर्टाची की रेल्वेची. चुकीच्या विभागाला प्रश्न गेला की "प्रश्न उद्भवत नाही" असं छापील उत्तर येतं आणि चार आमदार तुमच्याकडे बघतात. रेल्वेचं असेल तर सहा खासदारांच्या ऑफिसांना फोन लावा, विधानसभेत भाषण करून लोकल वाढत नाही.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडू आहे. पेपरातलं कात्रण उचलून त्याचा प्रश्न बनवणारे पुष्कळ आहेत, संख्या वाढते, आमदारांच्या कामाला गुण देणाऱ्या प्रगतीपुस्तकात आमदार वर जातो. कात्रणावर चार पक्ष एकत्र येत नाहीत पण, ते कात्रण चौघांच्याही पीएंनी सकाळीच वाचलेलं असतं. फेलोशिप करून आलेल्यांनी रागावू नका, पण पॉवरपॉइंटपेक्षा पंधरा वर्षं जुना पीए जास्त शिकवतो. फक्त त्याच्या आठवणींवर सगळा भरवसा ठेवू नका. आमचे एक ज्येष्ठ कायम संयुक्त महाराष्ट्र समितीचं उदाहरण देतात, डांगे, एस. एम., अत्रे सगळे मुंबईसाठी एकत्र आले होते म्हणून. आले होतेच, १९५६ साली समिती झाली, ५७ च्या निवडणुकीत तिने काँग्रेसला हादरवलं. पण १९६० ला मुंबई राजधानी झाली आणि समिती फुटायला फार वेळ लागला नाही, हे ते सांगत नाहीत. एकी त्या मागणीपुरती होती, आणि तेवढ्याने मुंबई मिळाली की. तुम्हालाही एका लक्षवेधीपुरतीच एकी हवीय, चार जणांची जन्माची मैत्री नको.

घाबरलात का? घाबरू नका, जमतं. एक गंमत सांगते, मुंबईचे आमदार मुंबईत एकत्र येतच नाहीत, संध्याकाळ झाली की जो तो आपल्या वॉर्डात पळतो, कोणाचं लग्न, कोणाचा वाढदिवस. ते भेटतात नागपुरात, हिवाळी अधिवेशनाला. घर लांब, थंडी, रात्री जेवणाच्या टेबलावर तीन पक्ष. माझ्या दोन चांगल्या लक्षवेध्यांची बोलणी तर्री पोह्यांच्या गाडीवर झाली आहेत, आणि आमदारांमध्ये नाही, आम्हा सहायकांमध्ये. एकमेकांचे नंबर सेव्ह करा, दुसऱ्या पक्षाच्या ऑफिसातल्या मुलीला तिच्या साहेबांच्या प्रश्नासाठी एखादा जीआर (शासन निर्णय) शोधून द्या, ती विसरत नाही.

त्या इमारतीचं पुढे काय झालं विचाराल. तेच आमदार पुढच्या अधिवेशनात पहिल्या नावाने उभे राहिले, आमचे साहेब दुसरे, मंत्र्यांनी बैठक लावली, सात कुटुंबांना शिबिरात खोल्या मिळाल्या, बाकीच्यांचं प्रकरण अजून मंत्र्यांची आश्वासनं पाळली का हे बघणाऱ्या आश्वासन समितीत आहे. यंदाचा मसुदाही तयार आहे माझा, चार जण हो म्हणालेत, पहिल्या नावाची जागा मुद्दाम कोरी ठेवलीय, आणि पीए काका सकाळपासून फोन उचलत नाहीयेत.